व्होडकाला वास असतो का

अण्णांनी स्टीलचं फुलपात्र नाकाशी नेलं, डोळे मिटले, लांब श्वास ओढला आणि ते परत टेबलावर ठेवलं.

"पुढची," ते म्हणाले.

ज्या टेबलावर माझ्या सासूबाई, माई, रोज सकाळी भाजी निवडायच्या, त्यावर पोलंडहून आलेल्या व्होडकाच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. आणि त्यांचा वास घेत होते माझे सासरे, बोरस्ते मास्तर. निफाड तालुक्यातल्या कितीतरी गावांत त्यांनी दारूची दुकानं बंद पाडली होती. गावात दुकान राहावं की जावं यावर बायका मतदान करतात. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अण्णा आडव्या बाटलीचा प्रचार करत गावोगाव फिरत होते. शिवाय पिंपळगावच्या व्यसनमुक्ती केंद्राचं काम त्यांच्याकडेच होतं.

मी नाशिकच्या एका हॉटेलात बार सांभाळत होते. नातेवाइकांना याची फार मौज वाटे. मास्तर बाटल्या आडव्या करतात आणि सून उभ्या करते, असं एका लग्नाच्या पंगतीत मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. शिरीषशी माझं लग्न ठरलं तेव्हा अण्णांनी माझ्या नोकरीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. एवढंच म्हणाले होते, "उल्का, घरात आणायची नाही." मी कधी आणली नाही. घरात माझ्या कामाला 'हॉटेल' एवढाच शब्द होता. तो बोलून झाला की विषय भाजी किंवा हवामानाकडे वळे.

म्हणून आदल्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी अण्णांनी जे विचारलं, ते ऐकून मी कपबशी हातात धरून तशीच उभी राहिले.

"उल्का, व्होडकाला वास नसतो म्हणतात. खरं आहे का?"

त्याच आठवड्यात आमच्या हॉटेलात पोलंडचे पाहुणे यायचे होते. सातपूरच्या एका कारखान्याशी त्यांचा काही करार होत होता आणि जेवणाआधी त्यांच्या देशाची व्होडका वापरून नवी कॉकटेल्स द्यावीत, असं मॅनेजरच्या डोक्यात होतं. बाटल्या माझ्या ताब्यात आल्या होत्या आणि बारचं फर्निचर बदलायला काढलेलं असल्यामुळे शांतपणे चव घेत बसायला जागा नव्हती. यातलं मी घरात काहीच बोलले नव्हते. तरी अण्णांनी नेमकं व्होडकाचं विचारलं.

मी म्हटलं, असं लोक उगाच म्हणतात. साध्या, स्वस्त मालाला फक्त स्पिरिटचा भपका असतो, पण चांगल्या व्होडकाला स्वतःचा वास असतो, आणि पोलंडच्या तर प्रत्येकीचा वेगळा. माझा आवाज जरा चढला असावा. इतक्या वर्षांत त्या घरात माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं.

"दाखवशील?" अण्णा म्हणाले. "प्यायची नाही. नुसता वास घ्यायचा."

"कुठे दाखवू?"

"इथंच आण. उद्या दुपारी माई येवल्याला जाणार आहेत बहिणीकडे."

शिरीष कामासाठी चाकणला होता. मी त्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अण्णा तुझी परीक्षा बघत असतील. जपून." कसली परीक्षा, ते त्यालाही सांगता येईना. आणू नये तर त्यांचा शब्द मोडतो आणि आणावी तरी त्यांचाच शब्द मोडतो. शेवटी मॅनेजरची परवानगी घेऊन मी बाटल्या, शेकर आणि बर्फाचा डबा गाडीत घातला. जिना चढताना शेजारच्यांना दिसू नये म्हणून वर चादर टाकली होती.

हॉटेलातले काचेचे ग्लास अण्णांनी बाजूला सारले. मांडणीवरून स्वतः फुलपात्रं काढून आणली.

पहिली व्होडका राईची होती. "राई म्हणजे मोहरी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नाही, थंडीच्या देशात पिकणारं गव्हासारखं धान्य आहे ते. आपली भाकरी तव्यावर जरा जास्त भाजली गेली की जसा वास सुटतो तसा आधी येतो आणि मग मागून मिरी. दुसरी बटाट्याची. तिला उकडलेल्या बटाट्याच्या सालीचा ओलसर वास, आणि तोंडात घेतली की साय घेतल्यासारखी वाटते. तिसरी गव्हाची, जवळजवळ काहीच न बोलणारी. तिच्या वासासाठी मात्र थोडं थांबावं लागतं.

मी बोलत होते आणि अण्णा एकेक फुलपात्र नाकाशी नेऊन परत ठेवत होते. पण मधूनच असे प्रश्न विचारत की माझी वाक्यं अडखळत.

"हा वास किती लांबून यावा?"

"म्हणजे?"

"समज, माणूस दाराशी उभा आहे. आपण इथं. येईल?"

"दारातून नाही येणार कदाचित. पण शेजारी बसला तर येईल."

"आणि त्यानं बडीशेप खाल्ली असली तर?"

"तरी येतो, अण्णा. पोटातून येतो ना, श्वासाबरोबर."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, केंद्रातल्या पोरांना पकडायची युक्ती शिकून घेत असतील. पण मग मास्तरांना यात शिकायचं काय होतं? अण्णांच्या नाकाची ख्याती आख्ख्या तालुक्यात होती. सभेला आलेल्या गर्दीतून कोण घेऊन आलाय ते सांगत, पेंढ्याखाली लपवलेला हातभट्टीचा कॅन काढून दाखवत. त्या माणसाने माझ्यासारखीला हे का विचारावं?

चौथी झुब्रुफ्का. ही माझी सगळ्यात लाडकी. पोलंडच्या जंगलात एक गवत उगवतं, रानगवे ते खातात म्हणतात, त्याची एक काडी बाटलीत घातलेली असते. बूच काढलं की उन्हात तापलेल्या कडब्याच्या गंजीचा वास येतो आणि पाठोपाठ व्हॅनिलाचा. मी लहानपणी सुट्टीत मामाकडे गंजीत शिरून झोपायचे, तेही त्यांना सांगून टाकलं. म्हटलं, "अण्णा, ही तर तुम्हाला डोळे मिटूनही ओळखता येईल."

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ फुलपात्र नाकाशी धरून बसले. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती.

"पुढची," ते म्हणाले.

आता मात्र मला राग यायला लागला. वाटलं, हीच ती परीक्षा. मी रंगात येऊन सांगणार, हे थंडपणे ऐकणार आणि शेवटी म्हणणार, एवढ्याशासाठी जगाचे संसार मोडतात होय? मी पाचवी, मधाची, ओतली. लवंग, दालचिनी आणि मध असा घमघमाट सुटला की मला स्वतःलाच दिवाळीचं स्वयंपाकघर आठवलं. अण्णांनी तीही तशीच खाली ठेवली.

"मिसळल्यावर वास झाकला जातो का?" त्यांनी विचारलं.

मी शेकर काढला. झुब्रुफ्का, सफरचंदाचा रस, बर्फ, वर किंचित दालचिनी. त्या घरात शेकरचा खडखडाट ऐकताना मलाच कसंतरी झालं, पण हात थांबले नाहीत. बटाट्याच्या व्होडकात कोकमाचा आगळ, भाजलेलं जिरं आणि मीठ. राईच्या व्होडकात गवती चहा आणि आल्याचा पाक. पाहुण्यांसाठी मनात जुळवलेलं सगळं मी त्या दुपारी तिथे उभं केलं. प्रत्येक पेला आधी मी चाखत होते, जिभेवर फिरवून बेसिनमध्ये थुंकत होते आणि मग त्यांच्यापुढे ठेवत होते. कोकमात मीठ जास्त झालं, ते दुरुस्त केलं. गवती चहा राईवर चढत होता, तो कमी केला. कामात शिरले की मला भान राहत नाही. थोडा वेळ मी अण्णांना विसरूनच गेले.

"झाकला जात नाही," मी म्हटलं. "सफरचंद पुढे येतं, व्होडका मागे उभी राहते. पण असते तिथेच. आता सांगा, यात काय वेगळं वाटतं?"

अण्णांनी तिन्ही पेले हुंगले. परत हुंगले.

"गार आहे," ते म्हणाले.

मी पेले उचलले आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्यापाशी उभी राहून मी स्वतःला म्हणत होते, बोलायचं नाही, उलट बोलायचं नाही. मग माझ्या मनात आलं की आपणही बघू या हे किती वेळ असं बसतात. मी एक फुलपात्र धुतलं, माठातलं पाणी भरलं आणि बाहेर आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"ही शेवटची. हिचा वास सगळ्यात वेगळा आहे."

मला वाटलं होतं, ते ओळखतील आणि हसतील. किंवा रागावतील. काहीतरी होऊन एकदाचा हा खेळ संपेल.

अण्णांनी फुलपात्र दोन्ही हातांत धरलं. श्वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, म्हातारा माणूस गर्दीत ओळखीचं कुणी दिसल्यावर जसा पुढे वाकतो तसे ते वाकले.

"हिचा येतोय," ते म्हणाले. "थोडा गोडसर आहे ना? हिचा येतोय, उल्का."

ते माझ्याकडे बघत होते, शाळेतल्या एखाद्या पोराने फळ्यावर उत्तर लिहून मास्तरांकडे बघावं तसे. मला खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर ती दुपार तिथेच संपली असती. पण त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मला ते जमलं नाही.

"अण्णा, ते पाणी आहे."

त्यांनी फुलपात्र सावकाश खाली ठेवलं. पुसलेल्या टेबलावरून उगाच हात फिरवला.

"बाकीच्यांना वास आहे?"

"आहे."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. खोली भरून गेलीय, अण्णा. माई यायच्या आत मला सगळ्या खिडक्या उघडाव्या लागतील."

मग ते बोलायला लागले. एकदा सुरू झाल्यावर थांबले नाहीत, पण आवाज कुठेच चढला नाही. मागच्या दिवाळीपासून जेवणाची चव जात चालली होती. माईंचा हात बिघडला असं समजून ते मीठ कमी, हिंग कमी म्हणून रोज कुरकुर करत. हळूहळू लक्षात आलं की फोडणीचा वास येत नाही, खालच्या अंगणातल्या जाईचा येत नाही. सर्दी असेल म्हणून वाफारे घेतले. कुणाला सांगितलं नाही. मास्तरांचं नाक गेलं हे कळलं की केंद्रात येणारी माणसं सोकावतील, अशी भीती वाटली.

केंद्रात रोहिदास म्हणून एक टेम्पोचालक होता. त्याची बायको सिंधू त्याच्या माराला कंटाळून चांदोरीला आईकडे येऊन राहिली होती. रोहिदास महिनोन्‌महिने केंद्रात येत होता, सभेत गाणी म्हणत होता, इतरांना चार गोष्टी सांगत होता. ज्याची सुटली त्याला अण्णा सगळ्यांसमोर मिठी मारत. तेच प्रमाणपत्र. त्या मिठीनंतर बायका नवऱ्यांबरोबर घरी जात. अण्णांनी रोहिदासला मिठी मारली आणि सिंधूला म्हणाले, हा सुटला. माझी जबाबदारी. जा घरी.

ती गेली. त्याच आठवड्यात त्याने तिचा हात मोडला.

"पोलिसांनी धरला तेव्हा मी गेलो होतो चौकीत," अण्णा म्हणाले. "मला म्हणाला, मास्तर, तुम्ही मिठी मारली तेव्हाही माझ्या पोटात होती. व्होडका होती. तिला वास नसतो."

बाहेर कुणीतरी भंगाराची हाळी देत गेला.

"मला वाटलं, खरं असेल. व्होडकाला वासच नसेल तर कुणालाच आला नसता. तू तसं म्हणाली असतीस तर..." ते थांबले. "तू म्हणालीस, प्रत्येकीचा वेगळा."

मला आठवत होतं मी काय काय म्हणाले होते ते. भाकरी, मिरी, कडबा, शेजारी बसला तरी येतो. इतक्या उत्साहाने मी बोलत होते आणि माझ्या प्रत्येक शब्दाने समोरचा माणूस एकेक पायरी खाली उतरत होता. मला काय वाटत होतं ते आजही धड सांगता येत नाही. कीव नव्हती. राग तर कुठल्या कुठे गेला होता. एवढं खरं की ज्या माणसासमोर मी इतकी वर्षं जपून वागले, त्याने ही गोष्ट मुलाला सांगितली नव्हती, बायकोला सांगितली नव्हती, मला सांगितली होती. का, ते मला कळत नव्हतं.

"तुझंच काम आहे हे," बाटल्यांकडे बघत ते म्हणाले. "तू उगीच गोड बोलणार नाहीस असं वाटलं."

मी बाटल्या गाडीत ठेवल्या, खिडक्या उघडल्या. वर आले तेव्हा अण्णा चपला घालून उभे होते. चांदोरीला सोडशील का, त्यांनी विचारलं.

सिंधूच्या आईचं घर गावाच्या कडेला, द्राक्षबागेला लागून होतं. आई कामावर गेली होती. सिंधू ओसरीवर बसून डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. अण्णांना बघून ती उठायला लागली. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि स्वतः जमिनीवर तिच्यासमोर बसले. मी दाराशी उभी राहिले. तिने मला ओळखलं नाही, आणि मी कोण हे अण्णांनीही सांगितलं नाही.

अण्णांनी फिरवून काही सांगितलं नाही. म्हणाले, मला वास येत नाही, सिंधू. वर्ष होत आलं. मला कळायला हवं होतं आणि मी लपवलं. तो त्या दिवशी पिऊन आला होता आणि मी तुला त्याच्याबरोबर पाठवलं.

सिंधूने सूप बाजूला ठेवलं. ती अण्णांकडे बघत राहिली, जणू त्यांनी दुसऱ्याच कुठल्या भाषेत काही सांगितलं होतं.

"पण मला आला होता ना वास," ती म्हणाली.

अण्णांनी मान वर केली.

"मी तुमच्या मागंच उभी होते. तुम्ही त्याला धरलं तवा भपकन आला. मग तुम्ही म्हणाले, सुटला. मला वाटलं, एवढे मास्तर म्हणतात, त्यांना येत नाही, म्हणजे माझ्याच नाकात जुना वास बसला असल. घरी गेल्यावरबी येत व्हता. रोज येत व्हता. मी म्हणायची, नाही, माझंच डोकं फिरलंय."

अण्णांनी हात जोडले. शाळेत, सभेत, लग्नकार्यात त्यांना हात जोडताना मी अनेकदा पाहिलं होतं. हे तसं नव्हतं.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "तुझं नाक बरोबर होतं, सिंधू."

इतका वेळ तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आता तिने पदर तोंडावर घेतला आणि हुंदके देत रडली. मला तिथे थांबवेना. मी बागेच्या कडेला जाऊन उभी राहिले.

पोलंडच्या पाहुण्यांची संध्याकाळ नीट पार पडली. कोकमाचं कॉकटेल त्यांना फार आवडलं आणि मॅनेजरने ते मेन्यूवर कायम ठेवलं. अण्णांना मी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नाकापेक्षा हाताकडे जास्त बघितलं, बोटं आपटायला लावली, चालून दाखवायला सांगितलं. म्हणाले, कधीकधी कंपवाताची सुरुवात वास जाण्यापासून होते. तो कंप पुढे दोन वर्षांनी सगळ्यांना दिसू लागला आणि त्याच आजारात अण्णा गेले. पण ते सगळं नंतरचं.

सिंधूला भेटल्यानंतरच्या सभेला मी अण्णांबरोबर पिंपळगावला गेले होते. त्यांनी बोलावलं नव्हतं, मीच गाडी काढली. एका माणसाची सुटका ठरायची होती. पांढरा सदरा घालून तो पुढे येऊन उभा राहिला आणि सवयीने हात पसरले. अण्णा खुर्चीवरून उठले नाहीत. आपल्याला वास येत नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सभेत कुजबुज झाली, मागे कुणी हसलंही. मग त्यांनी बायकांच्या बाजूला बसलेल्या त्याच्या बायकोला पुढे बोलावलं.

"मी नाही सांगणार," ते म्हणाले. "तू सांग."

ती गोंधळली. तिने आधी सासूकडे बघितलं, मग अण्णांकडे. तिला हे कुणी कधी विचारलंच नसावं. मग ती नवऱ्याजवळ गेली, टाचा उंचावल्या आणि सगळ्या सभेसमोर त्याच्या तोंडाशी नाक नेलं. तो श्वास रोखून उभा होता.

"सोड," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत होते. ती डोळे मिटून त्याचा श्वास हुंगत राहिली, आणि अण्णांनी तिला घाई केली नाही.